पांडुरंगच्या शेजारी आणखी दोघे

नाशिक

चि. लेकास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर नेमाड्यांच्या ‘कोसला’ कादंबरीविषयी तू इतका भरभरून बोललास की मला मधे बोलायला जागाच मिळाली नाही. म्हणून लिहिते.

सांगवीहून पुण्याला शिकायला गेलेला, होस्टेलवर राहणारा आणि शेवटी काहीच न जमून गावी परतणारा पांडुरंग तुला अगदी आपला वाटला, यात नवल नाही. मला मात्र त्या कादंबरीत सगळ्यात जास्त लागला तो मनीचा मृत्यू. जगातल्या प्रत्येक गोष्टीची टर उडवत बोलणारा हा मुलगा धाकटी बहीण गेल्यावर वाक्यसुद्धा धड पुरं करू शकत नाही. ती पानं मी आजही एका बैठकीत वाचू शकत नाही. तू त्यांच्याबद्दल एक शब्दही बोलला नाहीस. घाईत वाचली असशील तर पुन्हा वाच.

पण तू म्हणालास, ‘या वयात कुणालाही सगळं निरर्थकच वाटतं.’ तिथे मी अडले.

‘कोसला’ आली 1963 मध्ये. त्याच वर्षी बाबूराव बागूलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. बागूल आपल्या विहितगावचे. तू नाशिकरोडला क्लासला जायचास, तिथून हाकेच्या अंतरावरचं गाव. शीर्षककथेतला तरुणही घर सोडून परगावी गेलाय, रेल्वेच्या नोकरीसाठी. तोही ‘मी’ म्हणूनच बोलतो. पण डोक्यावर छप्पर मिळवायचं तर त्याला जात लपवावी लागते, आणि ती उघडी पडल्यावर तो मार खातो. हा मुलगा जगाला निरर्थक म्हणत नाही रे. उलट नव्या देशावर, माणसांवर त्याचा केवढा विश्वास! म्हणून तर ती कथा वाचताना माझा जीव गोळा होतो. उदास व्हायचीही सवड त्याला कुणी दिलेली नाही. पांडुरंगला परतायला घर होतं, शेती होती, ज्यांच्यावर चिडावं असे वडील होते. त्यामुळे त्याचं दुःख खोटं ठरत नाही. पण ‘कुणालाही’ हा शब्द तू मागे घ्यावास असं मला मनापासून वाटतं.

आणि नव्यातलं काही वाचायचं तर सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ घे, 2002 ची. सावानातून, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयातून, आणून मी ती तिसऱ्यांदा वाचतेय. एकनाथ शिकलेला आहे, पण नोकरीसाठी द्यायला पैसे नाहीत म्हणून शेतीत अडकलाय, आणि शेतीत काही हाती लागत नाही. पहिल्यांदा वाचली तेव्हा त्याच्या बायकोचा, अलकाचा, मला राग आला होता. आता येत नाही. तिला गावात राहायचं नाही, आणि तिचं म्हणणं ऐकून घ्यायला त्या घरात कुणाजवळ उसंत नाही. निफाड-दिंडोरीकडच्या आपल्या नात्यातल्या मुलींची लग्नं जमवताना हेच तर कानावर येतं: मुलगा शेतकरी नको. त्या मुलींना नावं ठेवणाऱ्यांनी अलका वाचावी.

बागूलांचं पुस्तक कुरियरने पाठवतेय. आधी शीर्षककथा वाच, बाकीच्या सावकाश. मग फोन कर, मात्र या वेळी आधी मी बोलणार.

तुझी,
आई