‘नेहमीच्या’ काविळीविषयी मित्रास पत्र

पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुमच्या शहरात काविळीचे रुग्ण वाढले असून पाणीपुरवठ्याच्या बैठकीत कुणीतरी ‘ही नेहमीचीच कावीळ आहे’ असे म्हणून विषय मिटवला, हे वाचून मी लगेच लिहायला बसलो. या ‘नेहमीच्या’ काविळीला, म्हणजे आजच्या ‘हिपॅटायटिस ई’ला, स्वतंत्र रोग म्हणून ओळखण्याचे मोठे काम आपल्याच देशात झाले आणि तेही असेच कुणीतरी ‘नेहमीची’ हा शब्द मान्य करायला नकार दिल्यामुळे.

१९७८ च्या हिवाळ्यात काश्मीर खोऱ्यातल्या खेड्यांमध्ये काविळीची मोठी साथ आली. श्रीनगरचे डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी घरोघरी पाहणी केली, तेव्हा सोळा हजारांवर वस्तीत त्यांना पावणेतीनशे रुग्ण आढळले. दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ म्हणजे ‘हिपॅटायटिस ए’ हा विषाणूजन्य यकृतदाह, असा त्या वेळी सर्वांचा समज होता. पण ‘ए’ आपल्याकडे बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो, पुष्कळदा कळतही नाही, आणि मग जन्मभर पुन्हा होत नाही. मग इथे पोरांऐवजी धडधाकट तरुण माणसे का आजारी पडावीत? रक्ताच्या तपासणीत ‘ए’ आणि रक्तातून पसरणारा ‘बी’ या दोन्हींच्या ताज्या संसर्गाचा पुरावा मिळेना. पाश्चात्त्य देशांत रक्त दिल्यानंतर होणाऱ्या ‘नॉन-ए, नॉन-बी’ काविळीचा बोलबाला होता (ती पुढे बहुतांशी ‘हिपॅटायटिस सी’ ठरली), पण ही साथ पाण्याची होती. म्हणून हा आणखी एक निराळा विषाणू असावा, असे खुरूंनी १९८० साली प्रसिद्ध केले. हाती विषाणू नसताना, केवळ कोण आजारी पडले, कोण नाही आणि रक्तात काय सापडले नाही एवढ्यावरून असे म्हणायला धाडस लागते.

त्याच पाहणीतला गरोदर स्त्रियांचा भाग वाचताना मी आजही अस्वस्थ होतो. गरोदर नसलेल्या त्याच वयाच्या स्त्रियांत शंभरात सुमारे दोघींना कावीळ झाली, तर गरोदर स्त्रियांत सतरा जणींना. आणि आजारी गरोदर स्त्रियांपैकी पाचातल्या एकीहून अधिक जणींचे यकृत एकाएकी निकामी झाले. असे का होते, याचे पूर्ण उत्तर आजही मिळालेले नाही.

१९८० सालीच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर जुन्या साथींतल्या रुग्णांची जपून ठेवलेली सीरम (रक्तद्रव) तपासली: दिल्ली १९५५-५६, अहमदाबाद १९७५-७६ आणि खुद्द पुण्यातली १९७८-७९ ची. साथीचे कारण ‘ए’ही नाही आणि ‘बी’ही नाही, असेच तिथेही निघाले. पंचवीस वर्षे गोठवून ठेवलेल्या नळ्यांनी साक्ष दिली, म्हणून मी आमच्या प्रयोगशाळेच्या शीतपेटीत जागा नसली तरी जुने नमुने टाकू देत नाही. त्या दिल्लीच्या साथीत यमुनेत सांडपाणी उलटे येऊन पाणी उचलण्याच्या ठिकाणी शिरले होते. क्लोरीन वाढवल्यामुळे विषमज्वर आणि हगवण वाढली नाही, पण काविळीचे सुमारे २९,३०० रुग्ण झाले. म्हणजे जिवाणू मेले आणि विषाणू निसटला. तुमच्या प्रयोगशाळेचा ‘पाणी पिण्यायोग्य’ हा शेरा जिवाणूंवरून दिलेला असतो, हे त्या बैठकीत जरूर सांग.

पुढची हकीकत थोडक्यात: मॉस्कोच्या मिखाईल बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन आजार ओढवून घेतला आणि स्वतःच्या विष्ठेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचे कण पाहिले; हे त्यांनी १९८३ साली प्रसिद्ध केले. त्यांना ‘ए’ पूर्वीच होऊन गेलेला होता, म्हणूनच पुराव्याला वजन आले. तरी असला प्रयोग कुणी करू नये, असे माझे ठाम मत आहे. १९९० मध्ये विषाणूच्या जनुकीय आराखड्याचा काही भाग हाती आला; आज आपण त्याला ‘हिपॅटायटिस ई’ म्हणतो.

तुझ्या कामाची गोष्ट अशी, की दूषित पाणी प्यायल्यापासून डोळे पिवळे व्हायला साधारण पाच-सहा आठवडे जातात. त्यामुळे रुग्ण दिसल्यावर त्याच नळाचे पाणी तपासले तर बहुधा काहीच सापडत नाही, आणि नळ निर्दोष सुटतो. तू दीड महिन्यामागची नोंदवही काढ: कुठली वाहिनी फुटली होती, कुठे पुरवठा बंद राहून दाब उतरला होता, कुठे गटाराची वाहिनी जलवाहिनीला ओलांडते. पाणी बंद असताना वाहिनीच्या सैल सांध्यातून बाहेरची घाण आत ओढली जाते, हे मी तुला काय सांगायचे!

आमच्याकडे रक्ताच्या नमुन्याची लाल बुचाची नळी येते, तिच्याबरोबरच्या अर्जात ‘पाण्याचा स्रोत’ आणि ‘गरोदरपणाचा महिना’ हे रकाने बहुधा कोरेच असतात. तुमच्या आरोग्य विभागाने निदान हे दोन भरून, रुग्णांच्या पत्त्यांसह यादी पाठवली, तर मी नमुने तपासतो आणि तुझ्या वाहिन्यांच्या नकाशावर आपण दोघे मिळून ते मांडू. तोवर गरोदर स्त्रियांच्या घरी पाणी उकळून पिण्याचा निरोप आशाताईंमार्फत आजच जाऊ दे; यादीसाठी थांबू नको.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश