कोरडं फडकं गाडीवर नको

महोदय,

हौशी मंडळी गाडी मिरवायला आणतात आणि पोहोचताच कोरड्या फडक्याने धूळ पुसायला घेतात. रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे उठतात ते इथेच. उन्हात बॉनेट तिरकं पाहा, लगेच दिसतील. धूळ आधी पाण्याच्या फवाऱ्याने सोडवावी. मग दोन बादल्या: एकीत कार शाम्पू, दुसरीत गाडी धुण्याचा हातमोजा खंगाळायला साधं पाणी. छपरापासून खाली या, तेही सावलीत, पत्रा गार असताना. भांड्यांचा साबण रंगावर लावलेला मेणाचा थर उतरवतो. ओरखडे घालवायला घासून पॉलिश केलं की वरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, झिजतो. तो मुळात 40-50 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), कागदाहून पातळ. आणि टायर चकाकवणारं द्रावण टायरच्या बाजूच्या भागालाच लावा, रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर लावली तर गाडी घसरते.

– एक वाचक