आफ्रिका शिकायचा, पण भाषा ऑप्शनल?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परकीय भाषा आणि करिअर असा विषय निघाला की आपली गाडी जर्मन, फ्रेंच, जपानी, फार तर स्पॅनिशपर्यंत जाते आणि थांबते. स्वाहिली, हौसा, योरुबा, अम्हारिक, झुलू या भाषा युनिव्हर्सिटीत रीतसर शिकता येतात हे कितीजणांना माहितीय? आणि कोणी म्हणालंच की मी हे शिकतोय, तर "आफ्रिकन भाषा येते का तुला?" असं विचारतात. अहो, दोन हजारच्या आसपास भाषा आहेत तिकडे, एकट्या नायजेरियात पाचशेच्या वर.

पण माझी तक्रार खरं तर युनिव्हर्सिट्यांबद्दल आहे. आफ्रिकन स्टडीज नावाच्या बऱ्याच कोर्सेसमध्ये भाषा ऑप्शनल असते. इतिहास, राजकारण, समाज सगळं इंग्रजी पुस्तकांतून, आणि तिकडची एकही भाषा न येता डिग्री हातात. मला हे अजिबात पटत नाही.

एकच उदाहरण देते. काँगोमध्ये केले नावाची भाषा आहे (हो, नावच तसं आहे), तिच्यात सूर वर की खाली यावर अर्थ बदलतो. तिथले ढोल 'बोलतात' असं आपण ऐकून असतो, तो काही मोर्स कोड नव्हे, ढोलाला एक उंच आणि एक खालचा असे दोन आवाज असतात आणि वाजवणारा बोलण्यातले सूरच वाजवतो. आता चंद्र आणि कोंबडी या दोन्हींचे शब्द ढोलावर सेम वाजतात, मग ऐकणाऱ्याला कळणार कसं? म्हणून तो नुसता चंद्र वाजवत नाही, 'खाली पृथ्वीकडे बघणारा चंद्र' असं अख्खं वाजवतो, कोंबडीच्या पुढे जोडायचे शब्द वेगळे. जॉन कॅरिंग्टन या इंग्रज मिशनऱ्याने हे सगळं उलगडून लिहिलं, कारण तो स्वतः ती भाषा बोलायला आणि ढोल वाजवायला शिकला होता. नुसतं इंग्रजी भाषांतर वाचणाऱ्याला ते पाल्हाळच वाटणार ना.

आणि इतिहास बघा. बर्लिनला १८८७ मध्ये प्राच्य भाषांची संस्था निघाली, तिथे स्वाहिली शिकवायचे कारण जर्मनांना पूर्व आफ्रिकेत कारभार करायचा होता. लंडनचं सोआस (म्हणजे आजचं स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज) १९१६ चं, त्याच्या नावात 'आफ्रिकन' आलं १९३८ मध्ये, तिथेही साम्राज्याचे अधिकारी शिकून जायचे. म्हणजे राज्य करायचं होतं तेव्हा भाषा लागत होती आणि आता समजून घ्यायचंय म्हणतात तर ऑप्शनल, कमाल आहे. १९६८ मध्ये नैरोबीच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तर इंग्रजी विभागच बंद करा, आफ्रिकेला मध्यभागी ठेवा, मौखिक साहित्य शिकवा असं लेखी दिलं होतं. न्गुगींनी पुढे तुरुंगात टॉयलेट पेपरवर गिकुयू या आपल्या मातृभाषेत कादंबरी लिहिली, बोलून दाखवलं ते करूनही दाखवलं.

अवघड म्हणाल तर स्वाहिली तितकी नाही. सूरांची भानगड नाही, रोमन लिपी, लिहिलंय तसंच वाचायचं. डोकं खातात ते नामांचे वर्ग, पुल्लिंग-स्त्रीलिंग नाही पण वर्ग बरेच, आणि विशेषण, क्रियापद सगळ्यांनी त्या वर्गाप्रमाणे सुरुवातीचं अक्षर बदलायचं. वर घड्याळ वेगळं, सकाळी सात म्हणजे त्यांचा एक वाजला! नोकरीचं विचारणारच तुम्ही, तर बीबीसी आणि जर्मनीची प्रसारण संस्था डॉइचे वेले दोघांच्या हौसा, स्वाहिली, अम्हारिक सेवा आहेत, आणि २०२२ पासून स्वाहिली आफ्रिकन युनियनची कामकाजाची भाषा आहे.

तेव्हा ॲडमिशन घेणाऱ्यांनी आधी सिलॅबस उघडून बघा, भाषा किती सेमिस्टर कंपल्सरी आहे, शिकवणाऱ्यांत कोणाची ती मातृभाषा आहे का, आणि टांझानियात दार-एस-सलाम वगैरेला एखादी टर्म राहायला पाठवतात का. नसेल कळत तर फी भरायच्या आधी विभागाला सरळ मेल टाका, आणि "भाषेची गरज नाही" असं उत्तर आलं तर दुसरीकडे अर्ज करा.

आपली,
एक वाचक