‘छापलंय काय, ते सांग’: काकांना आभाराचं पत्र

प्रिय काका,

सादर नमस्कार.

एसीटीचा, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज-प्रवेशासाठी द्यायच्या परीक्षेचा, निकाल लागला त्या संध्याकाळी मी तुम्हाला नुसता आकडा सांगितला. तुम्ही “छान झालं” म्हणालात आणि चष्मा पुसत पुन्हा प्रुफांकडे वळलात. तेव्हा राहून गेलेलं आज सगळ्यांसमोर लिहिते आहे. वाचनाच्या पेपरात अडकलेली मुलं मला हल्ली विचारायला येतात, आणि त्यांना मी जे सांगते त्यातलं माझं काहीच नाही. ते तुमचं आहे.

मी दिली तेव्हा एसीटीच्या वाचनाच्या भागाला 35 मिनिटं असायची. चार उतारे, प्रत्येकावर दहा प्रश्न, म्हणजे एका उताऱ्याच्या वाट्याला 8 मिनिटं 45 सेकंद. गुण 1 ते 36 यांतले. पहिल्या सराव पेपरात मला 21 मिळाले आणि चौथा उतारा तसाच कोरा राहिला. मी सावकाश वाचते, हेच कारण असणार असं मी धरून चालले. मग वेगाने वाचायला शिकवणारं एक ॲप घेतलं. डोळा मागच्या ओळीवर जाऊ द्यायचा नाही, हा त्याचा मुख्य नियम. दोन महिन्यांनी वेग खरंच वाढला होता आणि गुण 19 वर आले होते. असं का झालं ते मला पुढे वाचनात सापडलं. कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली वेगवाचनावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला आहे. वेग फार वाढवला की समज कमी होते, हे त्यात स्पष्ट म्हटलं आहे. पण त्या दिवशी मला एवढंच कळत होतं की आपल्याला हे जमणार नाही. तशीच रडवेली होऊन मी तुमच्या दारात आले.

तुम्ही एसीटीचं नावही ऐकलेलं नव्हतं. आयुष्यभर मुद्रितशोधन केलेला माणूस, परीक्षेच्या युक्त्या तुमच्यापाशी कुठून असणार? तुम्ही पेपर हातात घेतलात आणि विचारलंत, “वेळ नेमका कुठे जातो?” मला सांगता आलं नाही. मग तुम्ही माझ्या हातात पेन्सिल दिलीत. उतारा वाचून संपला की समासात वेळ लिही, प्रत्येक प्रश्न सोडवून झाला की पुन्हा लिही.

त्या एका समासाने माझं डोकं ठिकाणावर आणलं. साडेसातशे शब्दांचा उतारा मी पावणेचार मिनिटांत वाचत होते, म्हणजे मिनिटाला दोनशे शब्द. मोठ्या माणसांचा इंग्रजी वाचण्याचा सरासरी वेग मिनिटाला 238 शब्दांच्या आसपास धरतात. मी थोडी मागे होते, पण बुडण्याइतकी नाही. त्या वेगानेसुद्धा दहा प्रश्नांना पाच मिनिटं उरत होती. वेळ खात होते ते पर्याय. चारांतले दोन पटकन खोडायचे आणि उरलेल्या दोघांत दोन-दोन मिनिटं झुलत बसायचं, असं प्रत्येक उताऱ्यात तीन-चारदा होत होतं. हे तुम्ही दाखवलं नसतं तर मी अजून वेगच वाढवत बसले असते.

त्यानंतर तीन आठवडे तुम्ही मला घड्याळ लावू दिलं नाहीत. प्रश्न वाचायचा, पर्याय तळहाताने झाकायचे, स्वतःचं उत्तर चार-पाच शब्दांत लिहायचं आणि मगच हात काढायचा. मला ते फार चेंगट वाटायचं. वेळ कमी पडतोय म्हणून आलेल्या मुलीला हे काका आणखी सावकाश करायला लावतायत, असं मी घरी जाऊन म्हणालेही होते. त्याबद्दल माफ करा.

समुद्रपक्ष्यांच्या उताऱ्यावरून आपला झालेला वाद तुम्हाला आठवत असेल. उताऱ्यात होतं की काही जोड्या जुन्याच घरट्याकडे परतताना दिसल्या. मी निवडलेला पर्याय म्हणत होता की हे पक्षी नेहमी जुन्याच घरट्याकडे परततात. मी हटून बसले, कारण मी जीवशास्त्रात तसंच शिकले होते. तुम्ही शांतपणे म्हणालात, “तुला काय माहीत आहे ते नंतर. छापलंय काय, ते सांग. बोट ठेव.” मला ‘नेहमी’ या शब्दावर बोट ठेवायला उताऱ्यात जागाच सापडली नाही.

मग तुम्ही तुमच्या कामाबद्दल बोललात. प्रुफं वाचणाऱ्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे त्याची स्वतःची हुशारी. वाक्य कसं असायला हवं हे मनाला ठाऊक असतं, म्हणून कागदावर नसलेलं अक्षरही डोळ्याला दिसतं. माझंही तेच होत होतं, आणि ते मला एकाही मार्गदर्शक पुस्तकात सापडलं नव्हतं. चुकीचा पर्याय सहसा पूर्ण चुकीचा नसतो, त्यात एखादाच शब्द जास्तीचा असतो. ‘फक्त’, ‘सर्व’, ‘यामुळेच’. लेखक सुचवतो आणि पर्याय म्हणतो की त्याने सिद्ध केलं. त्या दिवसापासून मी पर्याय प्रुफासारखे वाचायला लागले आणि जास्तीच्या शब्दाला तुमची ती काढून टाकण्याची खूण करायला लागले. दोन पर्यायांमध्ये झुलणं हळूहळू थांबलं.

चुकांची वही तुमच्याच सांगण्यावरून सुरू झाली. त्यात प्रश्न कुठल्या विषयावरचा होता हे लिहायचं नाही, आपण का चुकलो हे एका ओळीत लिहायचं. महिनाभराने पाहिलं तर निम्म्याहून अधिक ओळींत एकच कारण होतं: बोट न ठेवता उत्तर दिलं.

कथेच्या उताऱ्याची मला धास्ती होती आणि तो पेपरात पहिलाच यायचा. सगळ्या प्रश्नांना गुण सारखेच, तर सुरुवात त्याच्यापासूनच का करायची, हा तुमचा प्रश्न इतका साधा होता की मला स्वतःला सुचला नाही याचं आजही नवल वाटतं. मी शेवटचा विज्ञानाचा उतारा आधी घ्यायला लागले. ओळींचे क्रमांक दिलेले प्रश्न आधी, संपूर्ण उताऱ्याच्या आशयावरचा शेवटी. घड्याळ परत आलं ते बारा मिनिटांचं, मग दहाचं आणि शेवटी पावणेनऊचं.

परीक्षेत कथेला हात घातला तेव्हा सात मिनिटं उरली होती. सात प्रश्न बोट ठेवून सोडवले. उरलेल्या तिघांना अंदाजाने उत्तरं दिली, कारण चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. निकालात वाचनाला 30 आले.

काकूंनी मला नंतर एक गोष्ट सांगितली. मी संध्याकाळी दीड-दोन तास बसायचे त्या दिवसांत तुमची प्रुफं रात्री उशिरापर्यंत चालायची, कारण ती सकाळी द्यायची असत. तुम्ही एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाहीत. हे मला तेव्हा माहीत असतं तर मी इतकी वेळ बसले नसते, आणि म्हणूनच तुम्ही सांगितलं नाहीत, हो ना? काका, त्या प्रत्येक रात्रीबद्दल मनापासून आभार.

माझी वही आता तुमच्याकडे येणाऱ्या मुलीला दिलीत हे कळलं, फार आनंद झाला. तिला एक निरोप द्या. 2025 पासून परीक्षेचं स्वरूप बदललं आहे: 40 मिनिटं आणि 36 प्रश्न, म्हणजे एका उताऱ्याला दहा मिनिटं आणि नऊ प्रश्न. पहिल्या पानावरचं वेळेचं कोष्टक तिने खोडून नवं करावं. बाकी वही आहे तशी वापरता येईल.

तुमची,
समोरच्या घरातली