निळे-पांढरे म्हणजे मिंग नव्हे

मा. संपादक,
स. न.

निळ्या नक्षीचे चिनी मातीचे जुने भांडे कुठे सापडले की बातमीत ते हमखास ‘मिंगकालीन’ होते. हा शिक्का जपून मारावा, म्हणून हे पत्र.

मिंग घराणे सत्तेवर आले १३६८ मध्ये. ब्रिटिश म्युझियममधल्या दोन उंच निळ्या-पांढऱ्या फुलदाण्या जियांगशी प्रांतातील एका देवळाला वाहिलेल्या आहेत आणि त्यांच्यावरच्या लेखात साल आहे १३५१. म्हणजे मिंगच्या आधीच्या युआन या मंगोल राजवटीतच जिंगदेझेन या जियांगशीतल्या भट्ट्यांच्या गावच्या कारागिरांचा हात पुरता बसला होता. दिल्लीत तुघलकांच्या राजवाड्याच्या अवशेषांतही युआनकालीन निळी-पांढरी भांडी मिळाली आहेत. त्याही आधीचा दाखला इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळचा. नवव्या शतकात तिथे बुडालेले जहाज १९९८ मध्ये सापडले, त्यात अशा तीन थाळ्या अखंड होत्या. त्या चीनच्या हेनान प्रांतातल्या, तांग घराण्याच्या काळातल्या. पण ती वाट पुढे फारशी रुळली नाही.

जिंगदेझेनला जमले ते मातीमुळे. तिथल्या दगडाची पूड एकटी वापरली तर भांडे मोठ्या आचेत वाकते. तीत गाओलिंग टेकडीची पांढरी माती मिसळल्यावर ते सुमारे १३०० अंश सेल्सियस आच सोसू लागले आणि मोठ्या थाळ्याही सपाट निघू लागल्या. नक्षी काढायची ती सुकलेल्या कच्च्या भांड्यावर. कोबाल्टची पूड पाण्यात कालवली की करडी-काळी दिसते, निळा रंग भट्टीनंतरच कळतो. कच्ची माती रंग लगेच पिते, त्यामुळे चुकलेली रेघ पुसता येत नाही. वरून झिलई, मग एकदाच भाजणे, तेही भट्टीतली हवा कोंडून, धुरकट आचेवर. हवा जास्त शिरली तर झिलई पिवळट पडते आणि निळ्याचा तजेला जातो. आच वाढली तर रेघा फुटून पसरतात.

खरी ओळख कोबाल्टमध्ये आहे. युआन आणि सुरुवातीच्या मिंग काळात इराणकडून येणाऱ्या कोबाल्टमध्ये लोह भरपूर, मँगनीज अगदी कमी. कुंचला जिथे जाड टेकला तिथे भट्टी निवताना लोहाचे स्फटिक धरतात. भिंगाखाली ते काळसर डाग झिलईत रुतलेले आणि वेडेवाकडे विखुरलेले दिसतात. चिनी खाणींतल्या कोबाल्टमध्ये मँगनीज जास्त. ते नीट शुद्ध केले नाही तर निळा करडा पडतो. अठराव्या शतकातल्या कारागिरांनी जुन्या डागांची नक्कल कुंचल्याने मुद्दाम ठिपके देऊन केली. हे ठिपके फार शिस्तीत बसलेले असतात.

तळावरच्या राजमुद्रेवर, म्हणजे तिथे लिहिलेल्या सम्राटाच्या कारकिर्दीच्या नावावर, तर मुळीच विसंबू नये. शुआनदे (१४२६–३५) आणि चेंगहुआ (१४६५–८७) या मिंग सम्राटांच्या मुद्रा पुढे छिंग घराण्यातल्या कांगशी सम्राटाच्या (१६६२–१७२२) काळात सर्रास लिहिल्या गेल्या आणि खुद्द कांगशीची मुद्रा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. त्यात दरवेळी फसवणूकच होती असे नाही, जुन्या कामाचा मानही होता.

तेव्हा अशा भांड्याचे छायाचित्र छापताना तळाचे आणि रंग जाड असलेल्या जागेचे जवळून घेतलेलेही छापावे. ज्यांच्या घरी अशी भांडी आहेत त्यांनी ती दाखवण्याआधी ॲसिडने किंवा काथ्याने घासू नयेत. झिलईवरची झीज आणि तळाच्या कडेचा, झिलई नसलेला भाग हेच तपासणाऱ्याच्या कामाचे असतात.

आपले,
चिनी मृद्भांड्यांचे अभ्यासक