फोरसाइट कुणीकडे फिरवायची?

संपादक महोदय,

गोल्फ क्लब मैदानावर सकाळी सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं दम खायला थांबली की हमखास विचारतात, 'काका, ट्रेनिंगमध्ये सगळ्यात अवघड काय?' त्यांना वाटतं मी धावणं सांगेन. मी झिरोइंग सांगतो, म्हणजे नेम धरू तिथेच गोळी लागावी म्हणून रायफलची साइट जुळवणं.

रंगरूट असताना माझ्या पाच गोळ्यांचा ग्रुप मूठभर जागेत जमला होता, पण बुलच्या, म्हणजे टारगेटच्या मधल्या ठिपक्याच्या, वीतभर खाली. गोळी वर न्यायची, म्हणून मी एसएलआर रायफलची फोरसाइट, म्हणजे नळीच्या तोंडाजवळची नेम धरायची खुंटी, वर काढली. पुढचा ग्रुप थेट मातीत! उस्तादांनी फ्रंटरोल मारायला लावले आणि 'फोरसाइट उलटी, बॅकसाइट (डोळ्याजवळची) सीधी' एवढं घोकून घेतलं. का उलटी, हे कुणी सांगितलं नाही. मलाही विचारायची छाती झाली नाही.

कारण साधं आहे. शिस्त घेताना, म्हणजे नेम धरताना, आपण फोरसाइटचं टोक निशाण्यावरच धरतो. टोक उंच केलं की ते तिथे आणायला नळीचं तोंड खाली झुकवावं लागतं. काठीच्या पुढच्या टोकावर काडेपेटीची काडी उभी करून मी हे पोरांना दाखवतो. दोन मिनिटं लागतात.

हिशेबही तोंडी जमतो. दोन साइटमधलं अंतर अर्धा मीटर धरलं, तर फोरसाइट १ मिलिमीटर हलवल्यावर २५ मीटरवर गोळी ५ सेंटिमीटर सरकते, १०० मीटरवर २०. पण घामाघूम जवानाला रेंजवर त्रैराशिक कशाला मांडायला लावायचं? टारगेटच्या कागदावरच चौकोन आखावेत आणि कडेला 'ग्रुप या घरात आला तर साइटचे इतके फेरे, या बाजूला' असं छापावं. अमेरिकी सैन्याच्या २५ मीटरच्या टारगेटवर असे चौकोन असतात. रायफलवरच्या दुर्बिणीच्या नॉबवर तर गोळी कुठे सरकेल त्याचा बाणच असतो. तसा फोरसाइटपाशी का नसावा? (ग्रुपच विस्कटलेला असेल तर मात्र साइटला हात लावू नये. तिथे दोष शिस्तीचा किंवा ट्रिगरचा.)

अग्निवीराची सेवा चार वर्षांची, ट्रेनिंग त्यातच धरलेलं. आमच्यासारखं चुकत-माकत शिकायला त्याच्याकडे वेळ नाही. संरक्षण खात्याने आणि एनसीसीनेही हा कागद करून पाहावा. छपाईची अडचण असेल तर आमच्या नाशिकरोडला नोटा छापतात, चौकोन काय जड आहेत!

— एक निवृत्त हवालदार, नाशिक