मंत्रिमहोदय, आधी फळ्या मोजा

प्रति,
माननीय ग्रंथालयमंत्री यांस,

सादर नमस्कार.

आमच्या जुन्या ग्रंथालयाच्या जागी नवी इमारत बांधण्याचा निर्णय आपण जाहीर केलात, त्याबद्दल मनापासून आभार. गेली बावीस वर्षं मी इथली सभासद आहे. नव्या इमारतीच्या मागणीसाठी दारोदार फिरून सह्या गोळा करणाऱ्यांत मीही होते. त्यामुळे हे पत्र विरोधाचं नाही, एवढं आधीच सांगते.

जुनी इमारत पाडायलाच हवी. वरच्या मजल्यावर संदर्भ विभागाच्या भिंतींना कायमची ओल आहे, पोपडे सुटून पुस्तकांवर पडतात. मागच्या पावसात एका रात्री छत गळलं. सकाळी आम्ही पाच-सहा सभासद जमिनीवर बसून भिजलेल्या पुस्तकांच्या पानांत टिपकागद घालत होतो. साध्या कागदाची पुस्तकं फुगली, वाकडी झाली, पण वाचली. गुळगुळीत कागदाची चित्रमय पुस्तकं मात्र वाळता वाळता आतून चिकटून बसली. बालविभागातलं पक्ष्यांचं एक पुस्तक मी हलक्या हातानं उघडायला गेले, तर एका पानावरचा रंग सोलून समोरच्या पानावर गेला. असं पुस्तक पुन्हा उभं करता येत नाही. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर रेंगाळली की कागदाला बुरशी धरते, आणि आमच्याकडे कपाट उघडल्याबरोबर तिचा वास येतो.

दुसरी गोष्ट जिन्याची. पुस्तकांची सगळी दालनं वर, आणि चढायला एकोणीस पायऱ्या. चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्या आमच्या एक सभासद दर शनिवारी खाली थांबतात. ग्रंथपाल त्यांच्यासाठी वरून चार पुस्तकं आणतात, त्यातलं एक त्या निवडतात. ग्रंथपाल मनापासून करतात हे, पण इतक्या वर्षांत त्या बाईंनी ग्रंथालयातली एकही फळी पाहिलेली नाही. शोधायला गेलो एक आणि शेजारचं दुसरंच पुस्तक हाती लागलं, हे सुख त्यांच्या वाट्याला कधी आलंच नाही. वाचकानं स्वतः फळ्यांपाशी जाऊन पुस्तक निवडायचं, या रीतीला आपण मुक्तद्वार पद्धत म्हणतो, आणि ती एकोणीस पायऱ्यांपाशी अडते.

म्हणून नवी इमारत हवी. पण आपण प्रसिद्ध केलेली चित्रं पाहून काळजी वाटली. दर्शनी भाग काचेचा आहे, आत उंच मोकळं प्रांगण आहे, सभागृह आहे, उपाहारगृह आहे. सुंदर आहे सगळं. पुस्तकांच्या फळ्यांची एकूण लांबी किती, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. एक मीटर फळीवर साधारण तीसेक पुस्तकं मावतात. ३०,००० पुस्तकांना सुमारे १,००० मीटर फळी लागेल, आणि ही आजची गरज झाली. पुढच्या वीस वर्षांच्या खरेदीची जागा वेगळी. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं पाचवं म्हणजे ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. इमारत आखताना हे सूत्र विसरलं, तर त्याची शिक्षा पुस्तकांना होते.

तशी ती झालेलीही आहे. सॅन फ्रान्सिस्को शहराचं मुख्य ग्रंथालय १९९६ मध्ये नव्या, प्रशस्त इमारतीत गेलं. तिथे फळ्या कमी पडल्या. स्थलांतराच्या काळात मोठ्या प्रमाणावर पुस्तकं काढून टाकली गेल्याचं बाहेर आलं आणि वाचक संतापले. निर्लेखन, म्हणजे नको असलेली पुस्तकं संग्रहातून काढणं, प्रत्येक ग्रंथालयाला करावं लागतं, फाटकी आणि कालबाह्य पुस्तकं निघालीच पाहिजेत. पण ते ग्रंथपालानं एकेक पुस्तक हाती घेऊन करायचं काम आहे. टेम्पो दाराशी उभा आहे म्हणून उरकायचं नव्हे.

वजनाचाही विचार आत्ताच व्हावा. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून आखतात. पुस्तकांच्या कपाटांसाठी तो ६०० किलोंच्या पुढे धरावा लागतो. म्हणजे आज सभागृह म्हणून बांधलेल्या मजल्यावर उद्या जागा कमी पडली म्हणून कपाटं लावता येणार नाहीत. सगळेच मजले हा भार पेलतील असे बांधले, तर पुढच्या पिढीला हवं ते हवं तिथे नेता येईल. काचेला माझी हरकत नाही, पण पुस्तकांवर थेट ऊन येता कामा नये. आधुनिक सोयी आणि पुस्तकं यांचं भांडण असतं असंही मी मानत नाही. हेलसिंकीत २०१८ मध्ये उघडलेल्या ऊडी ग्रंथालयात शिवणयंत्रं आहेत, त्रिमितीय छपाईची यंत्रं आहेत, आणि सगळ्यात वरचा मजला पुस्तकांचा आहे.

इमारत उभी राहिल्यावर ती चालवायची कशी, याचीही तरतूद आजच व्हावी. बर्मिंगहॅमचं भव्य ग्रंथालय २०१३ मध्ये उघडलं, आणि पैशांअभावी २०१५ मध्ये त्याची वेळ आठवड्याला ७३ तासांवरून ४० तासांवर आली. आमच्याकडे देवघेव विभागात आजच एक माणूस दोघांचं काम करतो. चौपट मोठ्या इमारतीत तो एकटा काय करील?

आणि सगळ्यात तातडीचं: जुन्या ग्रंथालयाला कुलूप लावण्याआधी तात्पुरतं ग्रंथालय सुरू करा. ‘लवकरच पर्यायी जागा देऊ’ या शब्दांवर विसंबायची भीती वाटते. बांधकाम दोन वर्षांचं म्हटलं तरी लांबतं, आणि आज आठ वर्षांची असलेली मुलगी ते संपेपर्यंत बालविभागातून बाहेर पडलेली असते. मधल्या काळातली तिची पुस्तकं तिला नंतर परत देता येत नाहीत. जागा तळमजल्यावरची असावी, बालविभाग, वर्तमानपत्रं आणि अभ्यासिका एवढं तरी चालू राहावं. बाकीची पुस्तकं कोरड्या जागी, दाखलनोंदवहीशी, म्हणजे प्रत्येक पुस्तकाचा दाखल क्रमांक लिहिलेल्या वहीशी, ताडून ठेवावीत.

आपण वास्तुरचनाकार आणि आमचे ग्रंथपाल यांना एका टेबलाशी बसवावं, नकाशा पक्का होण्याआधी, ही विनंती. त्या बैठकीला शनिवारच्या आमच्या सभासदबाईंनाही बोलवावं. जागा तळमजल्यावरची निवडावी, म्हणजे त्या येऊ शकतील.

पुस्तकं हलवण्याच्या कामाला आम्ही सभासद येऊ. प्रत्येक खोक्यावर दाखल क्रमांक लिहायचं काम मी आजच अंगावर घेते. तारीख तेवढी कळवावी.

आपली विश्वासू,
ग्रंथालयाची एक सभासद